ठिय्याकाका आणि डब्यातली कार्डं

ठिय्याकाका जेवण झाल्यावर उठत नसत. माणसात एखादी खोड असते, मान्य. पण यांच्यात तीच एक खोड होती आणि बाकी माणूस तिच्याभोवती कसाबसा गुंडाळलेला होता. दहीभात संपला, हात धुतले, की पुन्हा येऊन त्याच खुर्चीत बसायचे. रविवारी दुपारी एकला आलेले, पाच वाजेपर्यंत तिथेच. मी भांडी आपटली, पंखा बंद केला, टेबल पुसलं, अगदी त्यांच्या कोपराखालूनही पुसलं. ते कोपर उचलून धरायचे, माझं पुसून झालं की परत ठेवायचे आणि म्हणायचे, "छान. स्वच्छता हवीच."

मिशिगनमधल्या ट्रॉयला आम्ही एक्क्याऐंशी साली आलो. आमचे हे गाड्यांचे बंपर करणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते, आणि हा माणूस खाली मशीनवर, माल तपासायला. नाव ठोंबरे. पन्नाशीचे, लग्न न केलेले, एकटा जीव सदाशिव. ह्यांनी एकदा कॉफीच्या मशीनपाशी त्यांना म्हटलं, "या कधीतरी जेवायला." आता आपल्यात 'या कधीतरी' म्हणजे 'येऊ नका' हे शेंबड्या पोरालाही कळतं. ठोंबरे त्याच रविवारी आले. आणि पुढची आठ वर्षं येत राहिले.

माझा राग समजून घ्या. मी सोमवार ते शनिवार कापडाच्या दुकानात उभी असायची, पडद्यांची मापं घेत. रविवार दुपार तेवढी माझी. मी मूळची मिरजेची. रविवारी साग्रसंगीत जेवून डाव्या कुशीवर आडवं व्हायचं आणि पाचला चहाला उठायचं, हे संस्कार माझ्यावर झालेले. वामकुक्षी हा आमच्या घरात धर्म होता म्हणा ना. आणि नेमक्या त्या चार तासांवर हा बाबा येऊन बसला. तेव्हा मीच त्यांना हे नाव ठेवलं. त्यांच्या माघारी आमच्या घरात त्यांना ठोंबरे असं कोणी म्हणालंच नाही.

पहिल्याच रविवारी त्यांनी शर्टाच्या खिशातून एक कोरं कार्ड काढलं, वाचनालयात पुस्तकांच्या नोंदींना असतं तसलं, आणि त्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. "वहिनी, आपण आत्ता जे करतोय ना, त्याला स्पॅनिशमध्ये शब्द आहे. सोब्रेमेसा. सोब्रे म्हणजे वर, मेसा म्हणजे टेबल. जेवण संपलंय, ताटं गेलीत, पण माणसं टेबलावरून उठलेली नाहीत, गप्पा चालल्यात, तो जो वेळ आहे ना, तो सोब्रेमेसा. बघा, केवढा शब्द!"

मी म्हटलं, "आपल्यातही शब्द आहे. चिकटपणा."

ते इतके मनापासून हसले की माझाच पचका झाला. आणि मग तोही शब्द त्यांनी कार्डावर उतरवून घेतला.

हे कार्डांचं वेड असं, की कारखान्यात त्यांच्या लाइनवरची निम्मी माणसं मेक्सिकोकडची, नाहीतर टेक्ससमधून मिशिगनला बीट काढायला आलेल्यांची मुलंबाळं. लंचच्या सुट्टीत ठिय्याकाका त्यांच्यात बसायचे. ऑफिसातले आपले लोक वर बसायचे, टाय सांभाळत. "ठोंबऱ्यांना कळत नाही कुठे बसायचं ते," असं इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका म्हणायच्या, आणि मीही त्यात सूर मिसळायची. त्या बाकावर बसून त्यांनी काय गोळा केलं, तर शब्द. तेही भारदस्त नाहीत. फुकट जेवणाऱ्याला काय म्हणतात, सोमवारी कामाला दांडी मारणाऱ्याला काय म्हणतात, असले उनाड शब्द. मुलं पोस्टाची तिकिटं जमवतात तसं. बरं, त्याचं पुस्तक करणार होते का, पेपरात छापणार होते का? छे! नुसतं आमच्या टेबलावर बसून सांगायचं.

सोमवारी कामावर न जाण्याला तिकडे 'सान लुनेस' म्हणतात. लुनेस म्हणजे सोमवार, आणि सान म्हणजे संत. संत सोमवार! रविवारचं खाणंपिणं अंगावर आलं, की सोमवारी कुणा संताचा सण आहे असं समजून घरी राहायचं. "पाटील, बघा," ते ह्यांना म्हणायचे, "आळसालासुद्धा देवळात नेऊन बसवलं. आपण नुसती दांडी मारतो. त्यांनी सणच केला." हे मान डोलवायचे, कारण ह्यांचे डोळे मिटत आलेले असायचे. आमची स्वाती तेव्हा नऊ वर्षांची. ती मात्र टेबलाखालून येऊन काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसायची. तिला मी मराठी शुद्धलेखन घालायला गेले की पळायची, आणि इथे वह्याच्या वह्या भरून स्पॅनिश शिव्या, नाही, शिव्या नाही म्हणायच्या, पण जवळपासचं काहीतरी, पाठ करायची. मी रागावले की म्हणायची, "मॉम, ही इज फनी! यू आर नॉट."

शब्द कसे तयार होतात याबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता. तो आम्ही महिन्यातून दोनदा तरी ऐकायचो. "वहिनी, शब्द विद्वान काढत नाहीत. शब्द वैतागातून निघतो. दहा माणसं एकाच गोष्टीला वैतागली, की अकरावा वैतागून काहीतरी बोलून जातो, बाकीचे हसतात, आणि झाला शब्द. म्हणून नावडत्या पाहुण्याला जगात जेवढे शब्द आहेत, तेवढे आवडत्याला नाहीत." मग उदाहरणं. फुकट्याला तिकडे गोर्रोन म्हणतात. गोर्रा म्हणजे टोपी. पूर्वी म्हणे उपाशी विद्यार्थी ओळख नसताना कुठल्याही लग्नात शिरून टोपी काढून वाकून नमस्कार करायचे आणि पंगतीला बसायचे. "म्हणजे त्यांच्यात टोपी काढून जेवायचं, आपल्यात टोपी घालून पळायचं!" असं म्हणून मांडीवर थाप. दुसऱ्याच्या घरी येऊन राहिलेल्याला आर्रिमादो, म्हणजे खेटून बसलेला. मढं आणि आर्रिमादो दोन्हींना तिसऱ्या दिवशी वास यायला लागतो, अशी म्हणसुद्धा आहे. हे मला सांगत होते! चार तास माझ्या टेबलाला खेटून बसलेला माणूस मला ही म्हण सांगत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कसली म्हणून शंका नव्हती.

एकदा मी सरळ विचारलं. म्हटलं, "ते स्पॅनिश लोक जेवून झोपतात म्हणे. तो शब्द नाही का तुमच्या कार्डांत?"

"सिएस्ता! आहे ना. सहावा तास, यावरून आला. सूर्य उगवल्यापासून सहावा." जरा थांबले. "पण तो शब्द एकट्यानं करायचा आहे, वहिनी. एकट्यानं करायच्या गोष्टी माझ्या पुष्कळ करून झाल्यात."

एवढं स्पष्ट बोलले होते. दगडाला समजलं असतं. मी मनात म्हटलं, बघा, आता दयेला हात घालतायत.

मग मी डब्याचा उपाय काढला. आपल्यात पाहुण्याला उरलंसुरलं बांधून दिलं, की त्याचा अर्थ 'या आता' असा होतो. मी तीन वाजताच डबा भरून त्यांच्यासमोर ठेवला. ठिय्याकाकांनी डबा घेतला, डोळे भरून पाहिला, मांडीवर ठेवला, आणि पुन्हा टेकून बसले. "इताकाते!" म्हणाले. "स्पॅनिश येण्याच्या आधीपासूनचा शब्द आहे हा, तिथल्या मूळ लोकांचा. घरी नेण्यासाठी बांधून दिलेलं जेवण. ज्याला तुम्ही आपला मानता, त्यालाच देतात." त्या दिवशी साडेपाच वाजले. मी कपाळावर हात मारून घेतला.

मी तो डबाही कसला द्यायची, तर आइस्क्रीमचा रिकामा प्लॅस्टिकचा. परत आला नाही तर बरंच. पण ते पुढच्या रविवारी हमखास धुऊन, पुसून परत आणायचे. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. चार साखरेचे दाणे तरी घालतात. ठिय्याकाकांना स्वयंपाकातलं ओ की ठो येत नव्हतं, म्हणून ते डब्यात काय घालायचे, तर एक कार्ड! चिवडा नाही, लाडू नाही. पिवळसर कार्ड, वर एक शब्द, खाली त्याचा जन्म आणि कुळ. मी ती सगळी ओट्याच्या शेवटच्या ड्रॉवरमध्ये, रबरबँडं आणि जुन्या किल्ल्यांत कोंबायची. त्यांना वाटायचं मी जपून ठेवतेय. "जागा पुरते ना?" असं विचारायचेही.

व्हायचं ते झालंच. स्वातीनं एक दिवस भर टेबलावर सांगितलं, "काका, मॉमनं पण एक वर्ड मेक केलाय. ठिय्याकाका. दॅट्स यू."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हे भाताकडे बघायला लागले. आणि ठिय्याकाकांनी खिशातून कार्ड काढलं, चष्मा लावला आणि विचारलं, "साधारण कधीपासून प्रचारात आहे, वहिनी?"

स्वातीनंच सांगितलं, फर्स्ट विंटरपासून. त्यांनी लिहिलं, मोठ्यानं म्हणत लिहिलं: "ठिय्याकाका. जेवण झाल्यावर न उठणारा. जन्म, ट्रॉय, मिशिगन. उगम, वैताग." मग कार्ड माझ्यापुढे सरकवलं. "बघा, माझा सिद्धांत सिद्ध केलात तुम्ही. आणि शब्द उत्तम झालाय. आधी ठिय्या म्हणालात, पण लगेच काका जोडलंत. नुसतं ठिय्या म्हणून भागलं असतं की." माणसाला थोडीतरी लाज असावी, असं मी रात्री ह्यांना म्हटलं. लाज कोणाला असायला हवी होती, ते आता सांगायला नको.

सत्त्याऐंशीत मिरजेला माझी आई गेली. फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं; तिकीट काढून पोचायला काही उरलं नव्हतं. मंडळातले लोक आले. जोडीजोडीनं आले, कोट न काढता सोफ्याच्या कडेवर बसले, "काही लागलं तर सांगा," म्हणाले, पंधराव्या मिनिटाला गाडीच्या किल्ल्या वाजवल्या. कोणाला बोल लावू? दुसऱ्याच्या घरी मीही हेच करत आले होते. रविवारी एक वाजता बेल वाजली. मी ह्यांना म्हटलं, "त्यांना सांगा, आज स्वयंपाक नाही." ह्यांनी सांगितलं. "मग काय झालं?" म्हणून ते आत आले आणि आपल्या खुर्चीत बसले.

बसले ते पाच वाजेपर्यंत बसले. टेबलावर काही नव्हतं. पाण्याचे तीन पेले होते. कसं कोण जाणे, मी बोलायला लागले. आई निखाऱ्यावर वांगी भाजायची ते, तिच्या हातचं कुळथाचं पिठलं, तिनं मला पोहायला शिकवताना विहिरीत ढकललं होतं ते, सगळं. चार तास. ठिय्याकाकांनी एकदाही खिशाला हात लावला नाही. उठताना तेवढं म्हणाले, "हे बाकीचे येऊन गेले ना, त्याला तिकडे बिसिता दे दोक्तोर म्हणतात. डॉक्टरची भेट. नाडी बघितली, निघाले." आजच्या दिवशी तरी शब्द नको होता, असं मला वाटलं. पण त्या आठवड्यात मी पहिल्यांदा झोपले ती त्या संध्याकाळी.

यानंतर मी बदलले असेन असं तुम्हाला वाटेल. कसली बदलतेय! महिन्याभरात मी पुन्हा तीन वाजता डबा भरून समोर ठेवायला लागले. माणसाला उपकार फार दिवस आठवत नाहीत, झोप रोज आठवते.

एकोणनव्वदच्या थंडीत त्यांच्या पोटात काहीतरी निघालं. ऑपरेशन झालं, मग दुसरं झालं. रविवार मोकळे झाले. खोटं कशाला बोलू? मी झोपले. सहा रविवार डाव्या कुशीवर मस्त झोपले. हे दोनदा ऑफिसातून जाऊन बघून आले आणि म्हणाले, "ठिय्याकाका तुझी चौकशी करत होते." सातव्या रविवारी मी उठले, वरणभात केला, लिंबू पिळलं. नेमका प्लॅस्टिकचा डबा एकही नव्हता, म्हणून आईचं नाव कोरलेला स्टीलचा डबा काढला आणि हॉस्पिटलात गेले.

अर्धेच राहिले होते. खिशाचा शर्ट नव्हता, हॉस्पिटलचा तो मागून उघडा झगा होता. त्यामुळे ते ठिय्याकाका वाटतच नव्हते. पण मला बघून असे उजळले की मलाच अवघडल्यासारखं झालं. "बसा, वहिनी, बसा." खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर घडी केलेलं ब्लँकेट होतं. मी ते उचललं नाही. कोटही काढला नाही. डबा ठेवला, तब्येतीची चौकशी केली, बाहेर बर्फ पडायला लागलंय, मी म्हणाले, गाडी ड्राइव्ह करायची मला भीती वाटते. बर्फ भुरभुरत होतं एवढंच. "पुन्हा येईन निवांत." हातात किल्ल्या होत्या. त्या माझ्याच हातून वाजल्या.

ठिय्याकाका हसले. काही टोमणा म्हणून नाही. एखादं अवघड गणित बरोबर सुटल्यावर हसावं तसं. "बिसिता दे दोक्तोर," म्हणाले. मीही हसले, आणि निघाले. भिंतीवरच्या घड्याळात मी पाहिलं होतं. बारा मिनिटं झाली होती.

पुढच्या रविवारपर्यंत ते राहिले नाहीत.

त्यानंतरच्या एका रविवारी दोनच्या सुमारास बेल वाजली. दारात एक जाडजूड, पिकल्या केसांची बाई, हातात माझ्या आईचा डबा. नाव रमोना, ठिय्याकाकांच्या लाइनवरची, लंचला त्यांच्याच बाकावर बसणारी. शेवटचे दिवस त्यांच्याजवळ तीच होती, असं कळलं. डबा जड लागला. उघडून पाहिला तर आत मक्याच्या पिठाचे, मक्याच्याच सालात गुंडाळून उकडलेले तमाले, अजून गरम.

"तो म्हणायचा, तुमच्याकडे डबा रिकामा परत द्यायचा नाही, असा कायदा आहे," रमोना तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "कार्ड मला लिहिता येत नाही, सेन्योरा. म्हणून हे केलं. मांस घातलेलं नाही." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "म्हणजे वायनी तुम्हीच."

मी हो म्हटलं.

"दर सोमवारी तुमचीच गोष्ट सांगायचा. आम्ही विचारायचो, काय रे, काल काय केलंस? तो म्हणायचा, काय करणार, वायनीकडे गेलो होतो. जेवण झालं की मी निघतो म्हणतो, पण ती बाई उठूच देत नाही. टेबलावर बसवूनच ठेवते, पाच वाजेपर्यंत. वर डबा बांधून देते." रमोनानं डोळे पुसले. "आमच्यातली पुष्कळ माणसं एकटी आहेत इथे, सेन्योरा. सगळे त्याचा हेवा करायचे."

आठ वर्षं तो माणूस खोटं बोलत होता, आणि त्या खोट्यात मी होते. कारखान्यातल्या त्या बाकावर माझी केवढी अब्रू होती, आणि ती कमवायला मी काय केलं होतं, तर भांडी आपटली होती. इतकी वर्षं मला त्यांचा वैताग आला. त्या दिवशी माझी मला शिसारी आली. ठोंबरे जेवायला येतच नव्हते. जेवण त्यांना कुठेही मिळालं असतं.

रमोनाची कारखान्यातली पाळी चारची होती. तिनं कोटाची बटणं लावायला घेतली. मी तिच्या हातातून कोट काढून घेतला आणि ती खुर्ची ओढून दिली. तमाले आम्ही दोघींनी खाल्ले, स्वाती आली तिनं खाल्ले. मग ताटं उचलली आणि मी पुन्हा येऊन बसले. शेवटचा ड्रॉवर उघडून किल्ल्या आणि रबरबँडांतून कार्डं काढली, टेबलावर ओतली. मी एकेक शब्द वाचायची, रमोना हसायची आणि तो कोण म्हणालं होतं ते सांगायची. साडेतीनला ती उठायला लागली, मी बसवलं. पावणेचारला पुन्हा उठायला लागली, मी चहा टाकला.

"खरंच की," रमोना म्हणाली. "तो म्हणायचा तशाच आहात तुम्ही. उठूच देत नाही माणसाला."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खरं ज्याला सांगायला हवं होतं, तो माणूस निघून गेला होता. मी तिच्या कपात आणखी चहा ओतला आणि कोट आतल्या खोलीत नेऊन ठेवला.